प्लाझ्माच्या इंटरनॅशनल कॉन्फरन्सला पहिलं पोस्टर नेताय? मग एवढं करा

अ‍ॅबस्ट्रॅक्ट अ‍ॅक्सेप्ट झाल्याचा मेल आला ना, की पोस्टरला हात लावायच्या आधी व्हिसाचं बघा. युरोपियन फिजिकल सोसायटीची प्लाझ्मा (म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला, विद्युतभारित कणांचा वायू) कॉन्फरन्स तिकडच्या उन्हाळ्यात असते, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि मे-जूनमध्ये सगळेच फिरायला निघतात त्यामुळे अपॉइंटमेंटची मारामारी असते, म्हणून ऑर्गनायझरकडून इन्व्हिटेशन लेटर लगेच मागून घ्या.

पोस्टरचा साइज बहुतेक ए-झिरो, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. उभं की आडवं ते सूचनांमध्ये वाचा. कापडावर प्रिंट केलं तर घडी घालून बॅगेत जातं. मी पहिल्या वेळी ग्राफ थेट थिसिसमधून उचलून टाकले होते, अक्षांवरचे आकडे कुणालाच वाचता येईनात, लोक यायचे, वाकून बघायचे आणि पुढे जायचे, फार वाईट वाटलं तेव्हा. आता मी आधी ए-फोरवर प्रिंट काढतो, हातात धरून वाचता आलं तरच मोठं छापायला देतो.

पण खरी तयारी एकाच प्रश्नाची करायची: "प्लाझ्माचं हे तापमान मोजलं कसं?" हा प्रश्न येणारच, आणि तो विचारणारा तुमचा शत्रू नाही. १९६८ ला नोवोसिबिर्स्कच्या फ्यूजन (अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा मिळवणं) कॉन्फरन्समध्ये सोव्हिएत टीमने टी-३ टोकामॅकचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडून ठेवणाऱ्या मेदुवड्याच्या आकाराच्या यंत्राचे रिझल्ट मांडले, इलेक्ट्रॉनचं तापमान १ कोटी अंशांच्या आसपास, आणि पश्चिमेकडच्या बऱ्याच लोकांना ते पटेना कारण मोजमाप थेट नव्हतं. मग त्या सोव्हिएत टीमचे प्रमुख अर्त्सिमोविच यांनी काय केलं, तर ब्रिटनच्या कलहॅम लॅबलाच मॉस्कोला बोलावलं, या आणि तुमच्या लेझरने मोजा! शीतयुद्धाच्या काळात हे! १९६९ मध्ये त्या टीमने थॉमसन स्कॅटरिंगने (इलेक्ट्रॉनवरून विखुरलेला लेझरचा प्रकाश बघून) मोजलं, दावा खरा निघाला, आणि अमेरिकेतल्या प्रिन्स्टनने आपलं स्टेलरेटर (प्लाझ्मा कोंडणारंच, पण वेगळ्या रचनेचं यंत्र) बदलून टोकामॅक केलं. मला ही गोष्ट आठवली की अजून अंगावर काटा येतो.

म्हणून लँगम्युअर प्रोबचा (प्लाझ्मात घालून करंट मोजायची बारीक धातूची तार) डेटा असेल तर नुसतं तापमान लिहू नका, अख्खा करंट-व्होल्टेज कर्व्ह लावा, टिपची लांबी आणि व्यास, गॅस कोणता, प्रेशर किती, तापमान काढायला कर्व्हच्या कुठल्या भागावर फिट केला, सगळं. आरएफ डिस्चार्ज (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या विजेने केलेला प्लाझ्मा) असेल तर त्या विजेच्या चढउतारांनी कर्व्ह बिघडू नये म्हणून कॉम्पेन्सेशन कसं केलं ते विचारतातच. एरर बार हवेतच. आणि प्लाझ्माचं तापमान इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये सांगतात, त्यातला १ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे साधारण ११,६०० केल्विन हे तोंडपाठ पाहिजे.

समोर कोण येईल सांगता येत नाही, कुणी टोकामॅकवाला, कुणी सूर्याचा कोरोना (बाहेरचं वातावरण) बघणारा, कुणी चिपच्या एचिंगवाला (प्लाझ्माने चिप कोरणारा), म्हणून सुरुवात त्यांनाच विचारून करा की तुम्ही कशावर काम करता, आणि मग त्यांना जवळचं वाटेल तिथून २ मिनिटांत सांगा. लॅबमधल्या थिअरीवाल्या सीनियरसमोर आधी प्रॅक्टिस करा, ते लोक सोडत नाहीत, आणि तेच हवंय.

उत्तर येत नसेल तर "हे आम्ही अजून तपासलं नाही" असं सरळ म्हणा आणि प्रश्न त्यांच्यासमोरच वहीत लिहा, नाव आणि ईमेलसकट. घरी आल्यावर त्या प्रश्नाचं उत्तर देणारा प्लॉट करून त्यांना पाठवा.