सेल्फ मारला की नुसतं 'टक', लाईट मात्र फुल – माझा अनुभव

जुन्या ट्रकला सेल्फ मारला की नुसतं 'टक', इंजिन ढिम्म, हेडलाईट मात्र फुल. बॅटरी बदलली, सेल्फच्या मोटरचे कार्बन ब्रश टाकले, सोलेनॉइडपण (मोटरला करंट जोडणारा स्विच) नवा, काही नाही, डोक्याचं पार भजं झालं. शेवटी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारायला लावला तर 3 व्होल्ट! म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेतच इतके व्होल्ट वाया, तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. चेसीला हौसेने रंग मीच मारलेला आणि इंजिनची अर्थची पट्टी (इंजिन चेसीला जोडून करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी) त्या रंगावरच कसलेली, रंगातून करंट कसला जातोय.

आधी बॅटरीचा मायनस काढला, मग पट्टी सोडवली, तिची दोन्ही टोकं आणि बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासली, स्टार वायसर घालून आवळलं, वरून ग्रीस, मायनस सगळ्यात शेवटी. आता रीडिंग 0.2, पहिल्याच सेल्फला चालू.