वकिलाकडे जायच्या आधी रक्ताच्या पिशवीचा नंबर शोधा

रक्त चढवल्यावर काही महिन्यांनी एचआयव्ही नाहीतर हिपॅटायटिस सी निघतो, मग घरात आधी रडारड, मग हॉस्पिटलात जाऊन भांडण, आणि कागद आठवतात तोवर वर्ष गेलेलं असतं. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं, त्यामुळे पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट कधी आला ती तारीख आधी लिहून ठेवा.

मग इनडोअर केस पेपर, म्हणजे भरती असतानाच्या उपचारांचे कागद, मागा. तोंडी नाही हं, लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. नियमाने ७२ तासांत द्यायला लागतात, पण हॉस्पिटलला ते जपून ठेवायची सक्ती फक्त ३ वर्षांची आहे, आणि ब्लड बँकेचं रेकॉर्ड ५ वर्षांचं. सरकारी दवाखाना असेल तर सोबत माहिती अधिकारही टाका. त्या पेपरांत क्रॉसमॅचचा (रक्त पेशंटला जुळतं का त्या तपासणीचा) रिपोर्ट आणि पिशवीचा नंबर बघा, कारण त्या नंबरावरूनच रक्तदाता आणि टेस्टिंगच्या रजिस्टरपर्यंत पोचता येतं, बाकी सगळं नंतर.

समोरचा वकील हमखास विचारणार, इन्फेक्शन दुसरीकडून झालं नाही कशावरून? हा प्रश्न झोंबतो, पण उत्तर तयार हवं. जुना निगेटिव्ह रिपोर्ट शोधा, ऑपरेशनच्या आधीचा, गरोदरपणातला, कुठलाही. नवरा किंवा बायकोचा निगेटिव्ह असेल तर तोही.

हवाई दलातल्या एका जवानाला २००२ मध्ये सांबाच्या लष्करी हॉस्पिटलात एक युनिट रक्त दिलं होतं, एचआयव्ही कळला २०१४ ला, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने केस फेटाळली, शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुमारे १ कोटी ५४ लाख रुपये भरपाई दिली. त्याच्या कामी आलं ते मेडिकल बोर्डाने (डॉक्टरांच्या मंडळाने) लेखी नोंदवलेलं, की लागण त्या रक्तातूनच. म्हणून डॉक्टरांचं मत लेखी घ्याच.

उपचार सगळ्यांनाच फुकट असणाऱ्या ठिकाणी झाले असतील तर ग्राहक आयोग चालत नाही, तिथे दिवाणी कोर्ट किंवा हायकोर्ट, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. नाव बाहेर फुटायची भीती असेल तर २०१७ च्या एचआयव्ही कायद्याच्या कलम ३४ खाली टोपणनावाने केस चालवायची विनंती करता येते, तो अर्ज तक्रारीसोबतच द्या. औषधांची बिलं, एसटीची तिकिटं, बुडालेल्या पगाराचा दाखला एका फाईलीत लावा आणि ओरिजिनल कुणालाच देऊ नका, वकिलालासुद्धा झेरॉक्सच.