होमबिल्ट विमानाच्या इंजिनाला इंजेक्टर निवडताना: नवे की रिफर्बिश्ड?

रिफर्बिश्ड इंजेक्टर म्हणजे नव्यासारखेच, फक्त स्वस्त, हा सल्ला होमबिल्टवाल्यांना, म्हणजे स्वतःचं विमान स्वतः बांधणाऱ्यांना, सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. गाडीत एक इंजेक्टर बिघडला तर धक्के खात का होईना गाडी बाजूला घेता येते. विमानात टेकऑफच्या वेळी एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडलं तर तो सिलिंडर पूर्ण पॉवरवर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालतो, डिटोनेशन, म्हणजे मिश्रण नीट न जळता स्फोटासारखं पेटणं, सुरू होतं आणि मग पिस्टन खराब व्हायला फार वेळ लागत नाही. आणि हे सगळं बाकीचे तीन सिलिंडर छान चालत असताना होतं, त्यामुळे कानाला काही कळतही नाही.

पंप, रेल (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी), ईसीयू (इंजेक्टर चालवणारा कॉम्प्युटर) तुमचं ठरलेलं आहे असं मी धरून चालतो. आता निवडीकडे.

आधी तुमची सिस्टीम कुठली ते बघा

लायकॉमिंगच्या विमान इंजिनांवर असतं तसं मेकॅनिकल, सतत फवारणारं इंजेक्शन असेल तर नव्या-जुन्याचा वाद फार मोठा नाही. त्या नोझलमध्ये हलणारा भागच नसतो, एक बारीक भोक आणि बाजूला हवेचं छिद्र, बस. चांगल्या सॉल्व्हेंटमध्ये भिजवा, अल्ट्रासोनिकमध्ये धुवा, हवेने फुंका, भोकात तार मात्र कधीही घालू नका, कारण एक ओरखडा पडला तरी फ्लो बदलतो. दोन तुकड्यांचं नोझल असेल तर ज्याचा आतला तुकडा त्यालाच परत लावायचा, अदलाबदल नाही. नंतर सगळी नोझल काढून सारख्या आकाराच्या काचेच्या बरण्यांत सोडा, बूस्ट पंप चालवा आणि पातळी बघा (उघड्यावर, इग्निशन बंद, अग्निशामक हाताशी). पातळी सारखी आली की काम झालं.

इथून पुढे सगळं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनबद्दल आहे, म्हणजे कारच्या इंजिनाचं कन्व्हर्जन किंवा लायकॉमिंग पद्धतीच्या इंजिनावर बाहेरून बसवलेलं ईसीयू. घोळ होतो तो तिथेच.

साइज काढा

हिशोब सोपा आहे. १८० हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं इंजिन पूर्ण पॉवरला ताशी साधारण ४१ किलो पेट्रोल पितं, म्हणजे सिलिंडरमागे मिनिटाला सुमारे २३६ सीसी. इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्के ड्युटी सायकल धरा, म्हणजे २९५ सीसी प्रतिमिनिट. टेकऑफला मिक्श्चर मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त) ठेवतात म्हणून थोडी जागा सोडून ३२० ते ३५० चा घ्या. त्याहून फार मोठा घेतला तर आयडलला पल्स, म्हणजे एका वेळी उघडं राहण्याचा सिग्नल, इतकी छोटी होते की इंजेक्टर धड उघडतच नाही. इंजेक्टरवर लिहिलेला फ्लो कुठल्या प्रेशरचा आहे ते विचारा, बहुतेक वेळा ३ बार असतो. तुमची रेल ४ बारवर असेल तर तोच इंजेक्टर साधारण १५ टक्के जास्त देतो, कारण फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाने वाढतो.

मल्टीमीटरने कॉइल मोजा. १२ ते १६ ओहम म्हणजे हाय इम्पिडन्स, बहुतेक ईसीयूंना तेच चालतात. २-३ ओहमचे लो इम्पिडन्सवाले चुकून लावले तर ईसीयूमधलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळू शकतं. कनेक्टर, लांबी, वरची ओ-रिंग १४ मिमीची की ११ ची, हे बघून घ्या. चार व्हॉल्व्हचं हेड असेल तर दोन धारांचा इंजेक्टर लागतो, दोन व्हॉल्व्हला एकाच धारेचा, हे उलटं झालं तर अर्धं पेट्रोल भिंतीला लागतं.

रिफर्बिश्ड घेताना काय विकत घेताय ते समजून घ्या

मी स्वतः सगळ्यात जास्त काळ इथे अडकून होतो, म्हणून जरा सविस्तर.

रिफर्बिश करणारा माणूस काय करतो? इंजेक्टर अल्ट्रासोनिक टाकीत धुतो, उलट्या बाजूने फ्लश करतो, आतली छोटी जाळी बदलतो, ओ-रिंगा बदलतो, टोपी असेल तर तीही नवी. झालं. इंजेक्टरच्या आतली सुई, तिची बैठक, स्प्रिंग, कॉइल यातलं काहीही बदललेलं नसतं, कारण ते कवच उघडून परत बंद करता येण्यासारखं नसतंच. म्हणजे तुमच्या हातात आलेला इंजेक्टर जुनाच आहे, धुतलेला. त्याची झीज जितकी झालीय तितकी तशीच आहे. धुऊन इस्त्री केलेल्या जुन्या शर्टाचं कापड नवं होत नाही, तसंच हे.

मग रिफर्बिश्ड घेताना पैसे कशाचे द्यायचे? रिपोर्टचे. फक्त रिपोर्टचे. रिपोर्ट नसेल, किंवा "सगळे टेस्ट केलेत, मॅच्ड आहेत" एवढंच तोंडी सांगत असतील, तर तो सेट विमानासाठी नाही, कितीही स्वस्त असो.

आणि रिपोर्ट आला म्हणजेही काम झालं नाही, कारण बहुतेक रिपोर्टांवर एकच आकडा असतो, स्टॅटिक फ्लो, म्हणजे इंजेक्टर पूर्ण उघडा धरून मिनिटाला किती सीसी आलं. ३१८, ३२०, ३१७, ३२१. बघून वाटतं व्वा, सव्वा टक्क्यात मॅच. पण इंजिनात इंजेक्टर कधीच पूर्ण उघडा राहत नाही, तो सतत उघडतो आणि मिटतो, आणि उघडायला त्याला वेळ लागतो. करंट दिल्यापासून पेट्रोल यायला लागेपर्यंतचा हा जो वेळ, त्याला डेड टाइम म्हणतात, १४ व्होल्टला साधारण एक मिलिसेकंदाच्या आसपास. जुन्या इंजेक्टरांची स्प्रिंग थकते, सुईची बैठक झिजते, आणि प्रत्येकाचा डेड टाइम वेगवेगळा सरकतो. स्टॅटिक टेस्टमध्ये हे दिसूच शकत नाही, कारण तिथे उघड-मीट नाहीच.

आता आकड्यात बघा. २७०० आरपीएमला एका फेऱ्याला २२.२ मिलिसेकंद मिळतात. फेऱ्यामागे एकदा फवारणारी सिस्टीम असेल तर पूर्ण पॉवरला पल्स साधारण १७-१८ मिलिसेकंदांची. एका इंजेक्टरचा डेड टाइम बाकीच्यांपेक्षा ०.१५ मिलिसेकंदाने जास्त असेल तर इथे एक टक्कासुद्धा फरक पडत नाही. पण थ्रॉटल मागे घेतला आणि पल्स अडीच मिलिसेकंदांवर आली, त्यातला एक डेड टाइममध्ये गेला, उरला दीड, त्यात ०.१५ म्हणजे तब्बल १० टक्के. आणि थ्रॉटल मागे कधी असतो? अप्रोचला. जमिनीजवळ, कमी वेगात. तिथे एक सिलिंडर लीन होऊन चुकायला लागणं किंवा इंजिन बंद पडणं परवडणार नाही.

म्हणून रिपोर्टमध्ये तीन-चार गोष्टी मागायच्याच, आणि त्या देत नसेल तर दुसरा माणूस शोधायचा. स्टॅटिक फ्लो, प्रेशर लिहिलेला. डायनॅमिक फ्लो, निदान दोन वेगवेगळ्या पल्सवर, त्यातली एक अडीच मिलिसेकंदांच्या आसपास. लीक टेस्ट, पूर्ण प्रेशरला बंद ठेवून, टोकावर थेंब यायला नको. आणि धुण्याआधीचे आकडे व धुतल्यानंतरचे आकडे, दोन्ही. माझी मर्यादा अशी आहे: स्टॅटिकला सेटमधला फरक २ टक्क्यांच्या आत, छोट्या पल्सला ४ च्या आत. त्याच्या बाहेर गेला की परत.

स्टॅटिकचा आग्रह कशाला, असं वाटेल. टेकऑफसाठी. एक इंजेक्टर ५ टक्के कमी देत असेल तर बाकी सिलिंडर १२.५ च्या हवा-पेट्रोल प्रमाणावर असताना तो १३.२ वर जातो, डिटोनेशनकडे सरकतो, आणि प्रत्येक ईसीयूमध्ये सिलिंडरनिहाय ट्रिम करायची सोय नसते.

आधीचे-नंतरचे आकडे वाचायचीही एक रीत आहे. धुतल्यावर एखादा इंजेक्टर २० टक्के वाढला असेल तर खूश होऊ नका, तो भयंकर घाण होता, म्हणजे पाणी गेलेल्या किंवा वर्षानुवर्षं उभ्या इंजिनातून आलेला असण्याची दाट शक्यता, आत गंज असेल तर परत सुटेल. आणि धुतल्यावर एखादा कंपनीच्या मूळ फ्लोपेक्षा जास्त द्यायला लागला तर तो झिजलाय, तो सेटमध्ये नको, बाकीच्यांशी जुळत असला तरी नको.

लीक टेस्टला लोक हलकं घेतात. टपकणारा इंजेक्टर इंजिन बंद केल्यावर इनटेकमध्ये पेट्रोल सोडत राहतो, गरम इंजिन परत चालू करताना ते फ्लड झालेलं असतं, आणि आडव्या इंजिनात ते पेट्रोल खाली एअरबॉक्सपर्यंत (हवा आत घेणाऱ्या डब्यापर्यंत) जाऊ शकतं. स्टार्टच्या वेळी बॅकफायर झाला तर तिथे आग लागते. टपकणारा इंजेक्टर दुरुस्त होत नाही. कचऱ्यात.

एक टेस्ट तुम्ही स्वतः करा, ती कुणी करून देत नाही. कॉइलचा ओहम इंजेक्टर थंड असताना मोजा, मग हॉट एअर गनने हळूहळू ८० अंशांपर्यंत तापवून परत मोजा (धुतल्यावर पूर्ण वाळलेला, पेट्रोलपासून लांब). तांब्याचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतोच, १४ ओहमचा १७ च्या आसपास जाईल, ते ठीक. सगळे सारखेच वाढले पाहिजेत. एखादा मध्येच उडी मारत असेल किंवा ओपन दाखवत असेल तर त्याची कॉइल आतून तुटत आलीय, आणि काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत इंजिन बंद केल्यावर जी उष्णता साचते तिथे ती नक्की तुटणार.

मग नवे की रिफर्बिश्ड?

माझं मत सरळ आहे. तोच पार्ट नंबर अजून नवा मिळतोय तर नवा घ्या, चार इंजेक्टरांमध्ये जे पैसे वाचतात ते इंजिनाच्या बाकी खर्चापुढे काहीच नाहीत. पण नवा म्हणजे अधिकृत विक्रेत्याकडचा, कारण नावाजलेल्या कंपन्यांच्या डब्यात नकली इंजेक्टर भरपूर फिरतात आणि नकलीपेक्षा चांगला रिपोर्ट असलेला रिफर्बिश्ड शंभर पटीने बरा. नवेसुद्धा फ्लो टेस्ट करूनच लावा, एकच लॉट असला तरी.

रिफर्बिश्ड कधी? पार्ट बनायचा बंद झाला असेल तेव्हा. किंवा इंजेक्टर तुमच्याच इंजिनाचे असतील, तुम्हाला त्यांचा इतिहास माहीत असेल, आणि तुम्ही तेच पाठवून तेच परत घेताय तेव्हा. अनोळखी इंजेक्टरांचा धुतलेला सेट आणि स्वतःचा धुतलेला सेट यात मी कधीही स्वतःचा घेईन. चार वेगवेगळ्या गाड्यांतून जुळवलेला सेट नकोच, आज जुळलाय पण झीज वेगवेगळी आहे, पुढे तसा राहणार नाही.

घेताना एक जास्तीचा घ्या, त्याच टेस्टमध्ये, त्याच कागदावर.

बसवायच्या आधी

इंजेक्टर खराब होण्याचं होमबिल्टमधलं मोठं कारण इंजेक्टर नसतोच, नवी टाकी असते. ॲल्युमिनियमचा चुरा, टाकीच्या सीलंटचे कण, होजच्या आतले तुकडे. इंजेक्टर लावायच्या आधी टाकीपासून रेलपर्यंत सगळं फ्लश करा, गाळून बघा, स्वच्छ येईपर्यंत परत करा. पंप आणि रेल यांच्यामध्ये १० मायक्रॉनचा फिल्टर हवाच, इंजेक्टरमधली जाळी ही शेवटची आड आहे, तिच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. इथेनॉलवालं पेट्रोल वापरणार असाल तर ओ-रिंगा व्हायटॉनच्या (पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या) घ्या. थोडं तेल लावून बसवा, वाकडा रेटून घालू नका.

ईसीयूमध्ये तुमच्या इंजेक्टरचा व्होल्टेजप्रमाणे डेड टाइमचा तक्ता भरा, दुसऱ्या इंजेक्टरचा नाही. अल्टरनेटर गेला आणि व्होल्टेज १४ वरून ११ वर आलं की डेड टाइम वाढतो, तक्ता चुकीचा असेल तर आख्खं इंजिन लीन होतं, नेमकं तुम्ही बॅटरीवर घरी परतत असताना.

लावल्यावर तपासणी

जमिनीवर चालवून गळती बघा. मग हवेत, सुरक्षित उंचीवर, क्रूझ पॉवरला हळूहळू लीन करत जा आणि प्रत्येक सिलिंडरचा ईजीटी (एक्झॉस्टच्या वायूचं तापमान) कुठल्या फ्युएल फ्लोला सर्वात वर गेला ते लिहा. ईजीटीचा आकडा किती आहे ते सोडा, प्रोब कुठे बसवलाय त्यावर तो बदलतो, महत्त्वाचं हे की सर्वात आधी आणि सर्वात शेवटी पीक होणाऱ्या (ईजीटी सर्वात वर जाणाऱ्या) सिलिंडरांमध्ये फ्युएल फ्लोचा फरक किती. ताशी अर्धा गॅलन, म्हणजे दोन लिटरच्या आत असेल तर सेट चांगला.

एखादा सिलिंडर बाकीच्यांच्या बऱ्याच आधी पीक होत असेल तर लगेच नवा इंजेक्टर मागवू नका. त्याचा इंजेक्टर शेजारच्याशी बदला आणि तीच फेरी परत करा. लीनपणा इंजेक्टरबरोबर गेला तर इंजेक्टर दोषी, जास्तीचा लावा. लीनपणा त्याच सिलिंडरला चिकटून राहिला तर इनटेक गॅस्केट किंवा ट्यूबमधून हवा आत येतेय, तिकडे शोधा. काढलेल्या इंजेक्टरला तेलाचे दोन थेंब, दोन्ही टोकांना टोप्या आणि वर सिलिंडरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवा, म्हणजे तो परत टेस्टला जाईल तेव्हा जुन्या रिपोर्टशी आकडे लावून बघता येतील.