प्रशिक्षणानं काम वाढलं म्हणता? आधी या चुका टाळा

दर हंगामात कुणीतरी उत्साही पोरगा अहवाल घेऊन येतो. "सर, प्रशिक्षणानंतर उत्पादकता वाढली." मी विचारतो, प्रशिक्षण दिलंच नसतं तर? पोरगा गप्प.

आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि झाली वजाबाकी. ही चूक मीही केली आहे. यवतमाळकडच्या एका गावात कापूस वेचणाऱ्या बायांना स्वच्छ वेचणी शिकवली. आधीची मापं सीतादही (वेचणीच्या आरंभाची पूजा) होऊन पहिला वेचा नुकता लागला तेव्हाची, नंतरची ऐन नोव्हेंबरातली. रोजचे किलो जवळपास दीडपट! मी खूश. टोळीतली म्हातारी म्हणाली, "अवो भाऊ, बोंडं फुटले तं कापूस वाढनच ना! थे काय तुमच्या शिकवण्यानं व्हय?" अहवाल फाडला. तिसऱ्या वेच्याला मोजलं असतं, तर त्याच प्रशिक्षणानं काम घटलेलं दिसलं असतं.

तेव्हापासून मी गावासमोर चिठ्ठ्या काढतो. अर्ध्या टोळ्या आता शिकतील, अर्ध्या पुढच्या हंगामात. वजन दोन्हींचं त्याच दिवसांत. चिठ्ठी टोळीची, एकेका बाईची नाही. शेजारच्या पातीवरची बाई दुपारपर्यंत सगळं शिकून घेते, मग तुलना कशाशी करणार? बंगळूरच्या कपड्यांच्या कारखान्यांत महिला कामगारांच्या प्रशिक्षणाची पारख सोडत काढूनच झाली. तरी आमच्याकडे "चिठ्ठ्यांत वेळ जातो" म्हणणारे भेटतात. तेच पुढे तुलना जुळवायला दोन महिने एक्सेलशी झटापट करतात.

'जी आली तिला घ्या' हेही नको. हौसेनं येणारी मुळातच चटपटीत असते, नाहीतर अडचणीत आलेली. अर्थतज्ज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रशिक्षणार्थींबद्दल दाखवलं, की वर्गात येण्याच्या जरा आधीच त्यांची कमाई घसरलेली असते. घसरलेलं बरंचसं आपसूक वर येतं आणि श्रेय मास्तर घेतो.

बाकी किरकोळ. दवातला कापूस जड भरतो, सकाळचं वजन धरू नका. नुसते किलो मोजू नका. स्वच्छ वेचणारी सुरुवातीला मागेच पडते, काडीकचरा आणि कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूसही पाहा. वर्ग अर्धवट सोडलेल्या बाया यादीतून गाळू नका. दुसऱ्याच दिवशी वही घेऊन धुऱ्यावर उभे राहू नका, तेव्हा हात तसेही भरभर चालतात. मी महिनाभरानं, न सांगता जातो. मालकाच्या काट्यावर माझा भरवसा नाही. माझा काटा गाडीच्या डिकीत असतो.