उघड्या पाण्यावरच्या बदकांसाठी बुटके लपण कसे निवडावे

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या निरीक्षण मनोऱ्यावरून चक्रवाक, थापट्या आणि हळदी-कुंकू बदके उत्तम दिसतात. पण छायाचित्रात प्रत्येक पक्षी वरून टिपलेला येतो आणि त्याच्यामागे गढूळ पाण्याखेरीज काहीच उरत नाही. बदकाच्या नजरेच्या पातळीवरून छायाचित्र हवे असेल, तर कॅमेऱ्याचे भिंग पाण्यापासून वीत-दीड वीत उंचीवर आणावे लागते, आणि भिंगामागच्या माणसालाही तितकेच खाली जावे लागते. त्यासाठी लपण, म्हणजे पक्ष्यांना न दिसता टिपण्यासाठीचा आडोसा, बुटके हवे.

या गरजेचा सर्वांत बारकाईने विचार अमेरिकेतील बदकांच्या शिकाऱ्यांनी केला आहे. तेथील मोठ्या सरोवरांवर ‘लेआउट बोट’ नावाची एका माणसाची सपाट होडी वापरतात. शिकारी तीत उताणा पडून राहतो, होडीचे उतरते काठ लाटांमध्ये मिसळून जातात आणि ती इतकी बुटकी असते की मदतीसाठी दुसरी मोठी होडी थोड्या अंतरावर थांबलेली असते. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 आणि त्यातील 1991 च्या दुरुस्तीनंतर बदकांची शिकार हा गुन्हा आहे, आणि कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणे व हाकारणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे येथे घ्यायची आहे ती केवळ त्या होडीची रचना. दाणे टाकणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे छायाचित्रकारानेही टाळलेच पाहिजे.

निवडीची सुरुवात पाण्याची खोली आणि तळ यांपासून करावी. पक्ष्यांचा विचार त्यानंतर येतो. थापट्या, तलवार बदक आणि चक्रांग उथळ पाण्यात पृष्ठभागावरून किंवा डोके खाली घालून खातात, तर लालसरी आणि शेंडी बदक बुड्या मारत असल्याने खोल, मोकळ्या पाण्यात असतात. नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी आहे, आणि तेथील दलदल मुळात बंधाऱ्यामागे साचत गेलेल्या गाळातूनच तयार झाली. पाणी गुडघाभर दिसले, तरी त्याखालचा गाळ किती आहे हे वरून कळत नाही. लांब बांबूने दर दोन पावलांवर तळ चाचपावा, आणि पाय घोट्याच्या वर रुतत असेल तर तेथे पाण्यात उतरण्याचा विचार सोडून द्यावा.

अशा ठिकाणी, आणि माझ्या मते नाशिक जिल्ह्यातील बहुतेक ठिकाणी, काठावर पालथे पडून वापरायचे लपण सर्वांत योग्य ठरते. दोन वाकवलेल्या बांबूच्या कामट्या, त्यावर चिखलात बुडवून वाळवलेले बारदान आणि अंगाखाली ताडपत्री एवढे साहित्य पुरते. त्याची उंची 50 सेंटिमीटरच्या आत ठेवावी. कॅमेरा तिकाटण्यावर न लावता वाळूच्या पिशवीवर टेकवावा.

तळ घट्ट आणि पाणी मांडीपर्यंत असेल, तरच तरंगते लपण निवडावे. ते इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे असते. मधल्या मोकळ्या जागेत छायाचित्रकार चालतो आणि लपण हळूहळू पुढे ढकलतो. त्यावर माणसाचे वजन नसते, फक्त कॅमेरा, छत आणि टेकलेल्या कोपरांचा भार असतो. हे लपण दोन्ही टोके बंद केलेल्या पाइपांवर तरंगते, म्हणून पाइपचा व्यास महत्त्वाचा आहे. 110 मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप दर मीटरला सुमारे साडेनऊ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे तेवढेच किलो वजन उचलतो आणि त्यातूनही त्याचे स्वतःचे वजन वजा होते; 160 मिलिमीटरचा पाइप मात्र सुमारे 20 लिटर देतो. दोन्ही बाजू आणि पुढचा भाग मिळून तीन मीटर पाइप धरला, तर पहिल्यात 28 आणि दुसऱ्यात 60 लिटरची क्षमता मिळते. पुढे झुकताना कोपरांवर अचानक भार येतो, हे लक्षात घेता जाड पाइपच घ्यावा. टोपणे सॉल्व्हंट सिमेंटने बंद करण्याआधी आत थर्माकोलचे तुकडे गच्च भरावेत, म्हणजे सांधा गळला तरी लपण कॅमेऱ्यासह बुडणार नाही.

छातीपर्यंतची रबरी विजार घालत असाल, तर कमरेला पट्टा घट्ट आवळणे आवश्यक आहे, कारण तोल गेल्यावर तीत पाणी शिरले की उठून उभे राहणे फार कठीण जाते.

गंगापूर धरणासारख्या खोल पाण्यावर होडीच लागते. तिचे गणित सोपे आहे. माणूस 80 किलो, सामान 10 किलो आणि होडी 30 किलो धरली, तर 2.4 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद सपाट तळाची होडी सुमारे 5 सेंटिमीटर बुडते. काठ 25 सेंटिमीटरचा असेल, तर 20 सेंटिमीटर पाण्यावर उरतो, परंतु एका अंगावर वळताच त्या बाजूला तो बराच कमी होतो. यापेक्षा बुटकी होडी घेऊ नये. उंची कमी करायचीच असेल, तर आत बसण्याऐवजी पालथे पडावे. अरुंद होडी वल्हवायला हलकी असली, तरी कॅमेरा फिरवताना ती डुलते. दुसरी होडी हाकेच्या अंतरावर नसेल, तर अशा होडीत जाऊच नये, आणि लाइफ जॅकेट अंगावर हवे, पायाशी नव्हे.

रंगाच्या बाबतीत निफाड तालुक्यात सहज मिळणाऱ्या हिरव्या शेडनेटचा मोह कोणालाही होईल. पण मोकळ्या पाण्यावर हिरवा रंग लांबून उठून दिसतो आणि ओली जाळी चकाकते. मळकट राखाडी किंवा मातकट सुती कापड घ्यावे. रंगापेक्षाही आकार पक्ष्यांना आधी खटकतो, म्हणून सरळ कडा आणि चौकोनी कोपरे टाळून छत उतरते ठेवावे. भिंगाच्या खिडकीला आतून काळी जाळी लावावी, कारण बदकांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि चेहऱ्याची किंवा हाताची हालचाल त्यांना तिरप्या नजरेनेही दिसते. कापडाची सैल टोके शिवून टाकावीत. पहाटेच्या वाऱ्यात त्यांची फडफड पुरेशी घातक ठरते.

2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेले नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य असल्याने तेथे लपण लावण्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी. मनोऱ्याचे प्रवेश तिकीट म्हणजे पाण्यात उतरण्याची परवानगी नव्हे. धरणांबाबत जलसंपदा विभागाकडे विचारणा करावी, आणि गंगापूर व दारणा समूहातून पाणी सोडण्याच्या तारखा त्याच वेळी विचारून घ्याव्यात, कारण आवर्तन सुरू झाले की नांदूर मध्यमेश्वरची पातळी बदलते. काठावर उपसा सिंचनाच्या मोटारींच्या वायरी कोठे आहेत, हे उजेडात पाहून ठेवणे त्याहून महत्त्वाचे आहे. पाण्यात पडलेल्या वायरीच्या जोडाच्या आसपासही लपण नेऊ नये. मासेमारांची तंगूसची जाळी पायात अडकते, म्हणून जाळी कोठे टाकली आहेत ते त्यांनाच विचारावे.

निफाडची हिवाळी पहाट अत्यंत थंड असते, तेव्हा उजाडण्यापूर्वी लपणात शिरताना कोरडे मोजे आणि लोकरी कपडे बंद पिशवीत न्यावेत. पक्षी जवळ असताना बाहेर पडू नये. थवा आपोआप सरकेपर्यंत थांबावे. परतल्यावर पाइप, कापड आणि होडीचा तळ धुऊन जलपर्णीचे तुकडे काढून टाकावेत आणि सर्व साहित्य उन्हात पूर्ण वाळवूनच दुसऱ्या तळ्यावर न्यावे.