मृगबाग, कांदेबाग आणि आयर्लंडच्या दोन लीग

लेकीच्या बाळंतपणाला डब्लिनला गेले ती डिंकाचे लाडू करायला, फुटबॉल बघायला नव्हे. पण जावई बोहेमियन्स या तिथल्या फुटबॉल संघाचे पक्के. शुक्रवार संध्याकाळ झाली की लाल-काळा मफलर गुंडाळून पसार! बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर एकदा मीही मागे लागले. आता सावद्याला परतल्यापासून पुतणे विचारतात, "काकू, तिकडे भारी टीम कोणती?" अरे, एका बेटावर लीग दोन आहेत. आधी दोन्हींच्या तुलनेची वही कशी आखायची ते शिका.

हंगामापासून सुरुवात करा. १९२१ साली आयर्लंड बेटाची दक्षिण-उत्तर वाटणी झाली, तशी तिथल्या फुटबॉलचीही. दक्षिणेची लीग ऑफ आयर्लंड फेब्रुवारी ते नोव्हेंबर चालते, उत्तरेची आयरिश लीग ऑगस्टपासून पुढच्या वसंतापर्यंत. ऑगस्टात दोन्ही तक्ते शेजारी ठेवणं म्हणजे केळीची जूनमध्ये लावलेली मृगबाग आणि ऑक्टोबरात लावलेली कांदेबाग एकाच दिवशी बघून "कांदेबाग काही वाढली नाही बाई" म्हणणं. शिवाय दक्षिणेत १० संघ, प्रत्येकाचे ३६ सामने. उत्तरेत १२ संघ. ३३ सामन्यांनंतर तक्ता मधोमध तुटतो, वरचे सहा आपसात आणि खालचे सहा आपसात आणखी पाच-पाच खेळतात. म्हणून नुसते गुण मांडू नका. गुण भागिले सामने करा, तेही ज्याचा त्याचा हंगाम संपल्यावर.

विजेतेपदं मोजण्यातही फसगत आहे. बेलफास्टच्या लिनफिल्डने पन्नाशी कधीच ओलांडली, डब्लिनचे शॅमरॉक रोव्हर्स वीसच्या थोडे वर. पण उत्तरेची लीग १८९० ची, दक्षिणेची १९२१ ची. वाटणीआधी बोहेमियन्स आणि शेलबर्न हे डब्लिनचे संघसुद्धा त्या जुन्याच लीगमध्ये खेळायचे. खरा मेळ युरोपातल्या स्पर्धांत लागतो, तिथे दोघांनाही बहुतेक परक्याशी झुंजायचं असतं. २०२४-२५ ला कॉन्फरन्स लीगच्या मुख्य फेरीत शॅमरॉक रोव्हर्सही होते आणि उत्तरेचे लार्नही. रोव्हर्स स्वतःच्या टाला स्टेडियमवर खेळले. लार्नला आपलं मैदान सोडून बेलफास्टच्या विंडसर पार्कवर जावं लागलं. वहीत हे लिहाच: घरचं मैदान युरोपच्या सामन्यांना चाललं की नाही.

आता मैदानं. माझा जीव रमतो तो इथे. विंडसर पार्कला साडेअठरा हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत, पण ते उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचंही मैदान. लिनफिल्डच्या साध्या सामन्याला निम्म्याहून जास्त रिकाम्या असतात. टाला दहा हजारांचं, पालिकेच्या मालकीचं, चारी बाजूंनी बंद. कागदावरची क्षमता बघून भाव करू नका, माणसं मोजा. आम्ही उभ्या बागेत घड मोजतो तशीच: एका ओळीतली डोकी मोजायची, भरलेल्या ओळींनी गुणायची, विरळ ओळ दिसली की अर्धी धरायची. बोहेमियन्सच्या डॅलीमाउंट पार्कला मी असा हिशेब केला तर जावई हसले. सामना संपायच्या आत भोंग्यावर आकडा सांगितला तेव्हा गप्प झाले.

डॅलीमाउंट म्हणजे फिब्सबरोतल्या घरांच्या मधली चिंचोळी गल्ली, आणि शेवटाला एकदम मैदान. बसायचं ते जोडी स्टँडमध्ये. नाव ऐकून मला वाटलं, नवरा-बायकोंसाठी राखीव असेल! क्लब सभासदांच्या मालकीचा, जागा महापालिकेची. १९८० साली इथेच बॉब मार्लीचा कार्यक्रम झाला होता, म्हणे तेव्हाही आत शिरायची गल्ली हीच.

याच्याशी विंडसर लावू नका, ग्लेंटोरनचं ओव्हल लावा. जुन्याशी जुनं. पूर्व बेलफास्टच्या ओव्हलवर १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात धूळधाण झाली, पुन्हा खेळ सुरू व्हायला १९४९ उजाडलं. आज स्टँडमधून जहाज कारखान्याच्या दोन पिवळ्या क्रेन दिसतात, चेंडू हवेत गेला की त्या क्रेनपुढे दिसतो. छप्पर, रंग, स्वच्छतागृह या हिशेबाने डॅलीमाउंटही काही सुधारलेलं नाही, पण ओव्हल जास्त जर्जर. तरी मला विचाराल तर ओव्हलच.

ते बघायला मात्र दुसऱ्यांदा जावं लागलं. पहिल्या वेळी आमच्या एजंटाने "सगळं आयर्लंडच आहे, काकू" म्हणून निश्चिंत केलं होतं. रस्त्यावर सीमा दिसत नाही हे खरं, पण बेलफास्ट ब्रिटनमध्ये मोडतं. व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) हा शेरा असेल तर भारतीयांना एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं, मात्र आधी पाऊल व्हिसा देणाऱ्या देशातच ठेवायचं. माझ्या व्हिसावर तो नव्हता. भाची बेलफास्टला नर्स, ती फोनवरून मैदान दाखवत राहिली.

एक नाव कुठल्या रकान्यात घालायचं म्हणून अडाल: डेरी सिटी. गाव उत्तरेत, खेळतात दक्षिणेत. अशांततेच्या काळात त्यांना स्वतःच्या ब्रँडीवेल मैदानावर खेळू देईनात, घरचे सामने कोलरेनला जाऊन खेळावे लागत. १९७२ ला ते उत्तरेच्या लीगमधून बाहेर पडले आणि १९८५ पासून दक्षिणेत आहेत. संघ दक्षिणेच्या पानावर घ्या, मैदान उत्तरेच्या. माझ्या वहीत तसंच आहे, मध्ये लाल रेघ मारून.