इंग्रजी शब्दाचे अर्थ मुळापर्यंत कसे न्यावेत : ‘चेक’ या शब्दाच्या निमित्ताने

बँकेत भरायचा चेक, चेक्सचा शर्ट, लोकलमधले तिकीट चेकिंग, बुद्धिबळातला चेकमेट आणि अमेरिकेतल्या उपाहारगृहात जेवण संपल्यावर मागायचा चेक, हे सारे एकाच शब्दाचे अर्थ आहेत की योगायोगाने सारखे ऐकू येणारे वेगवेगळे शब्द आहेत, हे ठरवण्याची एक रीत आहे. तिच्याविषयी दिले जाणारे सल्ले मात्र बहुधा निरुपयोगी असतात, कारण ते ‘मूळ शब्द शोधा’ एवढे सांगून थांबतात. मूळ शब्द कोशात छापलेलाच असतो. खरे काम असते ते त्या मुळापासून आजच्या अर्थापर्यंतची वाट दाखवण्याचे.

त्यासाठी अर्थ ऐतिहासिक क्रमाने देणारा कोश घ्यावा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, जिची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली, प्रत्येक अर्थ लेखनात केव्हापासून आढळतो हे अवतरणांसह दाखवते. ती हाताशी नसेल तर ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी विनामूल्य आहे आणि सुरुवातीला पुरते. शालेय कोश बाजूला ठेवावा. त्यात सर्वांत रुळलेला अर्थ आधी येतो, आणि तो सर्वांत जुना असतोच असे नाही.

प्रथम आठवतील ते सारे अर्थ कागदावर उतरवून घ्यावेत.

मग कोशात त्या स्पेलिंगच्या किती स्वतंत्र नोंदी आहेत ते पाहावे. मूळ वेगळे असेल तर कोशकार सहसा वेगळी नोंद करून तिला क्रमांक देतात. खेळायची बॅट आणि वटवाघूळ या अर्थाची बॅट यांचा एकमेकींशी संबंध नाही. वटवाघळाचे मध्ययुगीन इंग्रजीतले नाव ‘बक्क’ असे होते. परंतु वेगळी नोंद दिसताच ‘काहीच नाते नाही’ असे लिहून मोकळे होऊ नये. नदीकाठ या अर्थाचा ‘बँक’ स्कँडिनेव्हियन भाषांच्या वाटेने आला आणि पैशांची बँक इटालियन ‘बांका’वरून, म्हणजे सराफाच्या बाकावरून आली, तरी दोन्हींच्या मागे एकच जर्मानिक मूळ आहे. देवनागरीत वाचणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी : चेक प्रजासत्ताकातला चेक आपल्या लिपीत अगदी तसाच दिसतो, पण तो एका लोकसमूहाचे नाव आहे आणि त्याचा या यादीशी काही संबंध नाही.

तिसरी पायरी अर्थांची साखळी जोडण्याची, आणि माझा सर्वाधिक वेळ तिथेच जात आला आहे. ‘चेक’चे मूळ फारसी ‘शाह’, म्हणजे राजा, हे कोणताही बरा कोश सांगतो. शाह अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला आणि १४व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत ‘चेक’ म्हणून स्थिरावला. इथवर सोपे आहे. पण राजा या अर्थापासून धनादेशापर्यंत एकदम उडी मारता येत नाही, आणि बहुतेक लेख नेमकी तीच मारतात. राजाच्या हुकमाने पैसे मिळत, म्हणून चेक, अशी मनोरंजक गोष्ट रचली की झाले. कोणत्याही दोन अर्थांमध्ये अशी गोष्ट रचता येते, म्हणूनच तिला किंमत नाही. नियम असा पाळावा की प्रत्येक नवा अर्थ त्याच्या लगतच्या जुन्या अर्थातून निघालेला दाखवता आला पाहिजे, आणि तो जुना अर्थ लेखनात खरोखर आधी आढळला पाहिजे.

तसे पाहिले तर क्रम असा लागतो. पटावर राजावर हल्ला होताच द्यायचा इशारा म्हणजे चेक. तो मिळाला की प्रतिस्पर्ध्याला हातातला बेत सोडावा लागतो, म्हणून चेक म्हणजे अडथळा, अचानक बसलेला लगाम. लगामावरून नियंत्रण, आणि नियंत्रणाचे एक साधन म्हणजे पडताळणी. हिशेब किंवा तिकीट ‘चेक करणे’ हा अर्थ १७व्या शतकाच्या अखेरीस रुळला. १८व्या शतकाच्या आरंभी पैसे देण्याच्या चिठ्ठीची जी स्थळप्रत बनावटगिरी पकडण्यासाठी मागे ठेवली जाई तिला चेक म्हणत, आणि पुढे ते नाव खुद्द चिठ्ठीलाच मिळाले. स्थळप्रतीचा हा दुवा गाळला तर धनादेशाचा उलगडा होत नाही. अमेरिकेत जेवणाच्या बिलाला आणि उत्तर बरोबर असल्याच्या खुणेला चेक म्हणणे ही बरीच अलीकडची फांदी आहे.

मराठी वाचकाला या साखळीतला सर्वांत नाजूक दुवा सहज पटतो, कारण ‘शाह’चेच आपले रूप, ‘शह’, मराठीत फारसीतून आले आणि आपणही त्याला पटावरून उचलून राजकारणात नेले. शह देणे, शहाला काटशह, या प्रयोगांत राजा उरलेला नाही; उरली आहे ती अडवणूक. अशा मराठी शब्दांची खातरजमा करायची असेल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती उघडावी. त्यात शब्द संस्कृत, फारसी की अरबी हे कंसातल्या अक्षराने दाखवलेले असते.

चेक्सचा शर्ट मात्र या साखळीत बसवू नये. ती दुसरी फांदी आहे आणि ती राजापासून नव्हे, पटापासून निघते. पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशकिए’ म्हणत. त्यावरून चौकड्यांच्या नक्षीला ‘चेकर’ आणि पुढे आखूड होऊन ‘चेक’ हे नाव पडले. इंग्लंडच्या राजाचा महसूल अशाच रेघांनी विभागलेल्या कापडावर सोंगट्या मांडून मोजत, म्हणून त्या खात्याचे नाव ‘एक्सचेकर’ झाले. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात त्या मेजाचे वर्णन करून नावाचे कारण बुद्धिबळाचा पट हेच दिले आहे. (नावातला ‘एक्स’ लॅटिन उपसर्ग समजून मागाहून चिकटवलेला आहे.) ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणून ओळखला जातो. पुढे या दोन फांद्या पुन्हा एकमेकींना स्पर्श करतात : धनादेशाच्या चेकचे क्यू-यू-ई असे लांबलचक स्पेलिंग ‘एक्सचेकर’च्या प्रभावाने आले. भारतातील १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात ते तसेच आहे, तर अमेरिकेने सी-के हे साधे रूप ठेवले. स्पेलिंगवरून मूळ ठरवणाऱ्याची फसगत होते ती अशीच.

ऐकीव कथा निर्दयपणे तपासाव्यात. ‘चेकमेट’ म्हणजे ‘राजा मेला’ हे सर्वत्र सांगितले जाते, कारण अरबीत ‘मात’चा अर्थ तसा लागतो, पण फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला, आणि बुद्धिबळात राजा कधी मारला जातच नाही, तेव्हा मला फारसी अर्थच अधिक ग्राह्य वाटतो. कोशकारांत मात्र मतभेद आहेत, आणि तसे लिहावे. आद्याक्षरांच्या कथा तर सरळ फेकून द्याव्यात; ‘न्यूज’ हा शब्द चार दिशांच्या आद्याक्षरांवरून नव्हे, ‘न्यू’ या विशेषणावरून आला आहे.

शेवटी कुठे थांबायचे ते ठरवावे. ‘शाह’च्या मागे प्राचीन फारसी ‘ख्शायथिय’ आहे आणि त्याचे नाते संस्कृत ‘क्षत्र’शी लागते. एवढे हाती लागताच ‘इंग्रजी चेक संस्कृतमधून आला’ अशी घोषणा करण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. ती चूक आहे. ‘क्षत्र’ हा ‘शाह’चा चुलतभाऊ आहे, बाप नव्हे. भारतातून पश्चिमेकडे गेला तो खेळ, आणि ‘चतुरंग’वरून फारसीत व अरबीत ‘शतरंज’ हे त्याचे नाव गेले. राजाला द्यायचा इशारा मात्र इराणात फारसीत घडला. वस्तूचा प्रवास आणि शब्दाचा प्रवास कागदावर दोन वेगळ्या रेघांनी काढावेत, आणि जिथे दुवा अनुमानाचा असेल तिथे रेघ तुटक ठेवावी.